वकील न लावता नादारीचा अर्ज कसा करायचा

कर्ज आता आपल्याच्यानं फिटणार नाही, हे ज्याला कळून चुकलं आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे. आधी हप्ता चुकतो, मग फोन सुरू होतात, मग दारात माणसं येतात आणि शेवटी न्यायालयाची नोटीस येते. इथवर आल्यावर बरेच जण नवं कर्ज काढून जुन्याचा हप्ता भरतात, नाहीतर फोन बंद करून गाव सोडतात. आणखी एक वाट कायद्यात शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. ती म्हणजे न्यायालयात जाऊन आपण नादार झाल्याचं, म्हणजे कर्ज फेडायला असमर्थ असल्याचं, स्वतः सांगणं. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मात्र कागद नीट हवेत आणि एकही गोष्ट दडवायची नाही. वकील नसताना न्यायालयाचा विश्वास बसतो तो तुमच्या यादीवरच.

कोणता कायदा लागू आहे

इंटरनेटवर शोधलंत तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचीच माहिती समोर येते. त्या संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या छोट्या कर्जदारासाठी कर्जमुक्तीची सोपी पद्धतही त्यात लिहून ठेवली आहे. पण हा भाग सर्वसामान्य कर्जदारासाठी अमलात आलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. तुम्ही कुठल्या कंपनीच्या कर्जाला अशी हमी दिली असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

बाकीच्यांना जुनेच कायदे लागू आहेत. बृहन्मुंबईत राहणाऱ्यांसाठी १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा, त्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, सांगली अशा ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात. काही ठिकाणी हे अधिकार वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे दिलेले असतात, म्हणून फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या. मराठवाड्याचा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या जिल्ह्यांत अर्जावर कोणत्या कायद्याचं नाव घालायचं हेही आधीच विचारा. पुढचं सगळं १९२० च्या कायद्याप्रमाणे आहे. मुंबईचं वेगळेपण शेवटाकडे सांगतो.

आधी ठरवा: अर्ज करायचा का?

कलम १० ची अट साधी आहे. तुम्ही कर्ज फेडायला असमर्थ असलं पाहिजे, आणि पुढच्या तीनपैकी एक गोष्ट असली पाहिजे: एकूण देणं ५०० रुपये किंवा जास्त, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी (पैसे द्या अशा न्यायालयाच्या निकालापोटी) तुम्हाला अटक झालेली, किंवा तुमच्या मिळकतीवर जप्तीचा हुकूम झालेला. ५०० रुपयांचा आकडा १९२० सालचा आहे, त्यामुळे आज ही अट कुणालाही अडवत नाही.

खरा प्रश्न असा की नादारीनं तुमचं कोणतं कर्ज सुटणार. इथे घाई करू नका. कागद घ्या आणि प्रत्येक कर्जापुढे लिहा.

घर गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, गाडीचं कर्ज, सोनेतारण: या धनकोंचा, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचा, तारणावरचा हक्क नादारीनंतरही तसाच राहतो. बँक घराचा लिलाव करू शकते. तुमच्या डोक्यावरचं निम्म्याहून जास्त कर्ज गृहकर्ज असेल आणि घर वाचवणं हाच हेतू असेल, तर या अर्जानं तो साधणार नाही.

पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं कर्ज बहुधा दोन जामीनदारांवर उभं असतं. तुम्ही मुक्त झालात तरी जामीनदार मुक्त होत नाही, कलम ४४ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्यासाठी सही केलेला मेहुणा किंवा शाळेतला सहकारी उद्या एकटाच संस्थेसमोर उभा राहील. अर्ज करण्याआधी त्याला घरी जाऊन सांगा. न्यायालयाची नोटीस पाहून त्याला कळावं, ही वेळ येऊ देऊ नका.

धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असतो. नादारीचा अर्ज त्याला थांबवत नाही. बायकोमुलांच्या पोटगीची बाकी, सरकारी देणी आणि फसवणूक करून मिळवलेलं कर्ज यांतूनही मुक्ती मिळत नाही.

उरतं ते विनातारण कर्ज: क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, ॲपवरून घेतलेलं कर्ज, हातउसने, व्यापाऱ्याची उधारी. यादीत हीच कर्जं जास्त असतील आणि विकून फेडावं असं हाती काही नसेल, तर पुढे वाचा.

अर्जाच्या आधी दोन गोष्टी जरूर करून पाहा. बँकेला एकरकमी तडजोडीसाठी लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. आणि कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं असेल तर जिल्ह्याच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली, सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन परत मिळवण्याचीही तरतूद आहे. पुष्कळ शेतकऱ्यांना ती ठाऊकच नसते आणि ते नाहक नादारीच्या विचाराला लागतात.

वसुलीवाल्यांच्या धमक्यांना भिऊन अर्ज करू नका. कर्ज थकलं एवढ्यावर पोलीस अटक करत नाहीत. हुकूमनाम्यानंतर दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे, पण ऐपत असून बदहेतूनं न देणाऱ्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

यादी

अर्जाचा सगळा जीव दोन परिशिष्टांत असतो. या कामाला आठवडा लागला तरी चालेल.

परिशिष्ट ‘अ’ धनकोंचं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, मुद्दल, व्याज धरून आजची बाकी, कर्ज कधी आणि कशासाठी घेतलं, तारण काय, जामीनदार कोण, दावा चालू असेल तर न्यायालय आणि दाव्याचा नंबर. ॲपवाल्या कर्जामागे खरं कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी वेगळीच असते. कर्जाच्या करारपत्रात तिचं नाव सापडतं, नोटीस तिला गेली पाहिजे. ज्या धनकोंची नावं आठवत नाहीत ती क्रेडिट ब्युरोच्या (सिबिलसारख्या कंपनीच्या) अहवालात मिळतील. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

लोक बँका लिहितात आणि माणसं विसरतात. मावशीचे चाळीस हजार, किराणा दुकानाची वही, भिशीची उचललेली रक्कम, शाळेची थकलेली फी हे सगळं देणंच आहे. तुम्ही स्वतः दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीन असाल तर तेही लिहा. उद्या अंगावर येऊ शकणारं देणंही कायदा देण्यातच धरतो. मावशीचं नाव न्यायालयाच्या कागदावर नको, म्हणून लोक ते वगळतात. नंतर उलटतपासणीत बँकेच्या खात्यावरची ती एंट्री दाखवली की सगळ्या यादीवरचा विश्वास उडतो.

परिशिष्ट ‘ब’ मिळकतीचं. वस्तू, ती कुठे आहे, तिची आजची किंमत. सात-बाऱ्यावर नाव असो किंवा वडिलांच्या नावावरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असो, दोन्ही लिहा. वाटणी झालेली नाही म्हणजे हिस्सा नाही, असं होत नाही. बँक खाती, शिल्लक शून्य असली तरी. दुचाकी. भाड्याच्या खोलीची अनामत. लोकांकडून तुम्हाला येणं असलेले पैसे. चालू भिशीतली तुमची भरलेली रक्कम. सोनं. विमा, भविष्यनिर्वाह निधी.

ही सगळी यादी पाहून छातीत धस्स होईल. पण यातलं पुष्कळसं न्यायालय घेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं जे जप्त करता येत नाही, ते नादारीतही तुमचंच राहतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनं स्त्रीनं अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बी-बियाणं, शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतः राहत असलेलं घर, ते गहाण नसेल तर, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, सरकारी पेन्शन. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. म्हणजे पंचवीस हजार पगार असेल तर सतरा हजारांना हात लागत नाही, आठ हजारांपर्यंत जप्ती होऊ शकते. या वस्तूही यादीत लिहा आणि पुढे ‘कलम ६० प्रमाणे वगळलेली’ असा शेरा मारा.

आता नाजूक भाग. गेल्या दोन वर्षांत तुम्ही जमीन भावाच्या नावे केली, बायकोला घराचं बक्षीसपत्र करून दिलं, गाडी नाममात्र किमतीला विकली असं काही झालं असेल तर ते अर्जात लिहा. कलम ५३ प्रमाणे असा व्यवहार न्यायालय मोडू शकतं. योग्य मोबदला घेऊन प्रामाणिकपणे झालेल्या विक्रीला धक्का लागत नाही. तसंच शेवटच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एकाच धनकोला मुद्दाम पैसे दिले असतील तर कलम ५४ लागतं. नादारीचा विचार मनात आला त्या दिवसापासून कोणतीही मिळकत कुणाच्या नावावर करू नका. मिळकत किंवा हिशेबाच्या वह्या दडवणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

अर्जाचा मजकूर

कलम १३ मध्ये अर्जात काय हवं ते दिलं आहे. मजकूर मराठीत चालतो. समास सोडून टाइप करून घ्या. साधारण असा:

मे. जिल्हा न्यायाधीश साहेब, (ठिकाण) यांचे न्यायालयात. नादारी अर्ज क्र. ___ / ___. अर्जदार: नाव, वय, धंदा, राहण्याचा पत्ता. जाबदेणार: परिशिष्ट ‘अ’ मधील सर्व धनको. प्रांतिक नादारी कायदा, १९२० चे कलम ७ व १० प्रमाणे अर्ज.

१) अर्जदार वरील पत्त्यावर राहतो व याच न्यायालयाच्या स्थळसीमेत काम करतो.
२) अर्जदाराचे एकूण देणे रु. ___ असून ते फेडण्यास अर्जदार असमर्थ आहे. त्याची कारणे अशी: ___
३) ___ न्यायालयाच्या दावा क्र. ___ मधील हुकूमनाम्यावरून दरखास्त क्र. ___ मध्ये दि. ___ रोजी जप्तीचा हुकूम झाला आहे. (असेल तरच. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं प्रकरण.)
४) देण्यांचा तपशील परिशिष्ट ‘अ’ मध्ये, मिळकतीचा तपशील किमतीसह परिशिष्ट ‘ब’ मध्ये दिला आहे.
५) जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून बाकी सर्व मिळकत न्यायालयाच्या हवाली करण्यास अर्जदार तयार आहे.
६) अर्जदाराने यापूर्वी नादारीचा अर्ज केलेला नाही. (केला असेल तर त्याचं काय झालं ते लिहा.)
सबब विनंती की, अर्जदारास नादार ठरवण्यात यावे. खाली सही आणि सत्यापन (वरचा मजकूर खरा असल्याचं निवेदन).

दुसऱ्या परिच्छेदातली कारणं मनापासून आणि तारखांसह लिहा. ‘आर्थिक अडचणीमुळे’ या दोन शब्दांनी कुणाला काही कळत नाही. ‘मार्च २०२३ मध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन लाख, त्याच वर्षी दुकान सहा महिने बंद, ते भरून काढायला तीन ॲपवरून कर्ज’ असं लिहिलं की न्यायाधीशांना चित्र दिसतं. पुढे कर्जमुक्ती मागताना हाच परिच्छेद तुमच्या उपयोगी पडणार आहे.

दाखल करताना

सोबत प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, बँकेचे उतारे, कर्जाचे करार, आलेल्या नोटिसा, पगारपत्रक, सात-बारा यांच्या प्रती. धनको जितके, तितके संच जादा. मूळ कागद न्यायालयात देऊ नका, फक्त दाखवायला न्या. कोर्ट फी स्टॅम्प आणि नोटिशीची फी किती हे खिडकीवर विचारा आणि पावती जपा. अर्जात त्रुटी निघाल्या तर हताश होऊ नका. शिपायाला किंवा बाहेरच्या दलालाला पैसे देऊन त्या दूर होत नाहीत. काय राहिलं ते कागदावर लिहून मागा आणि दुरुस्त करून आणा. अर्ज नोंदला की सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढच्या तारखा दिसतात.

पैसे देऊन वकील लावणं परवडत नसेल, पण एकट्यानं उभं राहायचीही भीती वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कार्यालय बहुधा न्यायालयाच्याच आवारात असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० हा त्यांचा देशभराचा क्रमांक. ‘कर्जमुक्त करून देतो’ म्हणत आधी फी मागणाऱ्या एजन्सीपेक्षा हे दार ठोठवा.

नादार ठरेपर्यंत

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. अर्ज दाखल केला की सगळ्या वसुल्या आपोआप थांबतात असं नाही. धनकोंचे हात बांधले जातात ते तुम्हाला नादार ठरवल्याच्या हुकुमानंतर. म्हणून अर्जासोबतच कलम २० प्रमाणे तात्पुरता रिसिव्हर, म्हणजे तुमची मिळकत ताब्यात घेऊन सांभाळणारा माणूस, नेमण्याचा वेगळा अर्ज द्या. कर्जदारानं स्वतः अर्ज केला असेल तर न्यायालयानं साधारणपणे तो नेमावा असं कायदा सांगतो. एखाद्या दरखास्तीत तुमची मिळकत विक्रीला लागली असेल, तर नादारी अर्ज दाखल करून घेतल्याच्या हुकुमाची नक्कल घेऊन त्या न्यायालयात विक्रीआधी जा आणि कलम ५२ दाखवा. तुम्ही दिवाणी तुरुंगात असाल तर सुटकेसाठी कलम २३ आहे.

मग धनकोंना नोटिसा जातात आणि सुनावणी लागते. त्या दिवशी न्यायालय तुम्हाला शपथेवर तुमच्या व्यवहारांबद्दल विचारतं. धनकोही विचारू शकतात. कर्जदार स्वतः आला असेल तर असमर्थतेचा प्रथमदर्शनी पुरावा पुरतो, पैसे नाहीत हे शंभर टक्के सिद्ध करायची गरज नसते. माहीत असेल ते थोडक्यात सांगा, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. बँकेच्या वकिलाशी वाद घालू नका, बोलायचं ते न्यायाधीशांकडे पाहून. आणि तारीख कधीही चुकवू नका. तुम्ही वकील लावलेला नाही, त्यामुळे तुमच्या जागी पुढची तारीख घेणारं कुणी नाही. हजर न राहिल्यास अर्ज काढून टाकला जाऊ शकतो.

नादार ठरल्यावर

हुकूम झाला की जप्तीतून वगळलेलं सोडून तुमची सगळी मिळकत न्यायालयाकडे किंवा रिसिव्हरकडे जाते. मुक्ती मिळेपर्यंत नव्यानं मिळालेली मिळकतही, अगदी वारसाहक्कानं आलेली असली तरी. त्या बदल्यात, यादीतला कोणताही विनातारण धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावू शकत नाही. हुकमाच्या आठ-दहा प्रमाणित नकला काढा. चालू दावे आणि दरखास्ती जिथे असतील तिथे त्या दाखल करा. पतसंस्थेनं सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला असेल तर तिच्या वसुली अधिकाऱ्यालाही पोच घेऊन एक द्या. अटकेची भीती असेल तर कलम ३१ खाली संरक्षणाचा हुकूम मागा.

काही बंधनं येतात. मुक्ती मिळेपर्यंत पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घ्यायची तर आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगावं लागतं, नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. ग्रामपंचायत, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा लढवता येत नाही. कंपनीचा संचालक होता येत नाही.

या काळातही तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. देणं सिद्ध केलेले जे धनको हजर असतील, त्यांच्यापैकी बहुसंख्य आणि रकमेच्या हिशेबानं तीन-चतुर्थांश तयार झाले, तर न्यायालय तो मंजूर करू शकतं.

मुंबईत राहत असाल तर

तिथे मिळकत ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते. स्वतः अर्ज केलेल्या कर्जदारानं, नादार ठरल्याच्या हुकमापासून तीस दिवसांत देणी-मिळकतीची संपूर्ण अनुसूची द्यायची असते. म्हणून यादी आधीच तयार ठेवा. उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडणाऱ्याला आधी तिथल्या समितीसमोर जावं लागतं. तुम्ही तुमचं म्हणणं नीट मांडू शकता का हे ती पाहते.

मुक्तीचा अर्ज

नादार ठरणं म्हणजे कर्ज संपणं नव्हे. कर्ज संपतं ते मुक्तीच्या हुकमानं, आणि तो आपोआप मिळत नाही. नादार ठरवतानाच न्यायालय एक मुदत लिहितं आणि त्या मुदतीत तुम्हाला कलम ४१ प्रमाणे मुक्तीचा अर्ज करावा लागतो. मुदत गेली तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो, सगळे धनको पुन्हा मोकळे होतात आणि पुढचा अर्ज करायला न्यायालयाची परवानगी लागते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी अर्ज द्या. काही कारणानं जमणार नसेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागा.

रिसिव्हरचा अहवाल आणि धनकोंचं म्हणणं ऐकून न्यायालय पूर्ण मुक्ती देतं, किंवा पुढच्या कमाईतून काही भरण्याची अट घालतं, किंवा मुक्ती काही काळ लांबवतं, किंवा नाकारतं. तुमच्या मिळकतीतून रुपयामागे निदान पन्नास पैसे वसूल होत नसतील, तर ही वेळ तुमच्या दोषानं आली नाही हे दाखवावं लागतं. आजारपण, बुडालेला हंगाम, गेलेली नोकरी यांचे कागद इथे लागतात. जुगार, उधळपट्टी, फेडण्याची आशा नसताना काढलेलं कर्ज, धंदा असून शेवटच्या तीन वर्षांच्या वह्या नसणं, या गोष्टी पूर्ण मुक्तीच्या आड येतात.

मुक्तीचा हुकूम मिळाला की पुन्हा प्रमाणित नकला काढा. प्रत्येक धनकोला एक रजिस्टर्ड टपालानं, क्रेडिट ब्युरोंना एक तक्रार-नोंदीसह पाठवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पोचपावत्या एकाच फाइलमध्ये ठेवा. काही वर्षांनी तेच कर्ज दुसऱ्या कुठल्या वसुली कंपनीला विकलं गेलेलं असतं आणि पुन्हा फोन येतो. तेव्हा फक्त या हुकमाची प्रत पाठवायची.